कल्पित भाषेची अक्षरलिपी

एखादी भाषा नव्याने कल्पावी, तिला स्वतःचे व्याकरण, स्वतःचा शब्दसंग्रह आणि स्वतःचा नाद द्यावा, आणि मग तिच्यासाठी पृथ्वीवरील कोणत्याही लिपीशी साम्य नसलेली अक्षरे रेखाटीत बसावे, ही हौस जगातील कितीतरी बुद्धिमान माणसांना ऐन तारुण्यात जडलेली आहे. एस्पेरान्तो या कृत्रिम भाषेचे जनक झामेनहॉफ यांनी १८८७ मध्ये आपली भाषा लोकांपुढे मांडली, तेव्हा रोमन अक्षरांपैकी काहींच्या डोक्यावर टोप्या चढवून त्यांनी लिपीचा प्रश्न निकालात काढला. कारण आपली भाषा जगाच्या व्यवहारात चालावी, हा त्यांचा हेतू होता. ऑक्सफर्डचे प्राध्यापक टॉल्किन यांची गोष्ट वेगळी. भाषा कल्पिणे हाच ज्यांच्या आयुष्याचा आनंद होता अशा या पंडिताने आपल्या कल्पित लोकांना त्यांच्या वाणीला साजेल अशी लिपीही बहाल केली, आणि तिचा साद्यंत तपशील १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या अखेरच्या खंडाच्या परिशिष्टात छापला.

या हौसेने लिपी करू पाहणारे बहुतेक लोक प्रथम कागदावर आकृत्या काढू लागतात, आणि पुढे त्या आकृत्यांना उच्चार वाटून देतात. हा क्रम उलटा आहे, आणि ज्या लिपीत एकेका अक्षराला एकेक स्वतंत्र चिन्ह द्यावयाचे असते तिच्या बाबतीत तर तो फार महागात पडतो. अशी लिपी ही सर्वांआधी एक मोजदाद असते. भाषेत अक्षरे किती, ती कोणत्या घडणीची, त्यांपैकी कोणती नित्य येतात आणि कोणती क्वचित, हा हिशेब पुरा झाल्याखेरीज लेखणीला हात लावण्यात अर्थ नाही, हे लिपींच्या इतिहासाकडे पाहिले म्हणजे निःसंशय पटते.

लेखनाची चिन्हे मुख्यतः तीन पातळ्यांवर बसविता येतात. एका शब्दाला एक चिन्ह द्यावे, हा पहिला मार्ग. एका वर्णाला, म्हणजे सुट्या स्वराला वा सुट्या व्यंजनाला एक चिन्ह द्यावे, हा रोमन लिपीचा मार्ग. आणि या दोहोंच्या मध्ये, 'क', 'कि', 'मो', 'ला' अशा एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या ध्वनिसमूहाला एक अखंड चिन्ह द्यावे, हा अक्षरलिपीचा मार्ग. आपली देवनागरी दुसऱ्या आणि तिसऱ्या मार्गांच्या सीमेवर उभी आहे. कारण ती लिहिते अक्षरच, परंतु 'कि' आणि 'कु' या दोन्ही अक्षरांतला 'क' डोळ्यांना सुटा ओळखू येतो आणि वेलांटी-उकार त्याला बाहेरून येऊन बिलगतात. शुद्ध अक्षरलिपीत अशी फोड करता येत नाही. तेथे 'कि'चे चिन्ह आणि 'कु'चे चिन्ह यांचे काहीच नाते नसले तरी चालते.

या मार्गाने एका माणसाने एकट्याच्या बळावर लिपी निर्माण केल्याचे सर्वांत लखलखीत उदाहरण उत्तर अमेरिकेतील चेरोकी लोकांमध्ये सापडते. सिक्वोया हा चेरोकी गृहस्थ चांदीचे काम करणारा कारागीर होता. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हते, की दुसरी कोणतीही लिपी अवगत नव्हती. परंतु गोरे लोक कागदावर खुणा करून दूरच्या माणसाशी बोलतात हे त्याने पाहिले होते, आणि आपल्या लोकांनाही ही विद्या असावी अशी तळमळ त्याच्या मनात १८०९ च्या सुमारास उत्पन्न झाली. आरंभी त्याने प्रत्येक शब्दाला एक चिन्ह देण्याचा खटाटोप केला. चिन्हे वाढत गेली, स्मरणशक्ती हात टेकू लागली, शेजाऱ्यांना यात चेटूक दिसू लागले, आणि त्याच्या पत्नीने ती सारी टिपणे जाळून टाकली अशीही एक आख्यायिका आहे. तेव्हा शब्द सोडून त्याने शब्दांच्या अवयवांकडे कान लावला. निरनिराळे शब्द पुनःपुन्हा त्याच मोजक्या ध्वनींच्या जुळणीने बनतात, हे त्याच्या ध्यानात आले. आणि बोलण्यातील ती अक्षरे एकेक करून वेचताना त्यांची संख्या शेकड्याच्या आतच थांबते, असे त्याला आढळून आले. १८२१ च्या सुमारास त्याची लिपी पूर्ण झाली. तीत प्रथम ८६ चिन्हे होती, पुढे ८५ उरली.

या ८५ चिन्हांचा तपशील पाहिला म्हणजे त्या अनक्षर माणसाच्या कानाची तीक्ष्णता कळते. चेरोकी भाषेत स्वर सहा, त्यांतला एक सानुनासिक. आणि अक्षर बहुधा स्वरान्त. त्यामुळे व्यंजनांच्या ओळी आणि स्वरांचे रकाने मांडले की बहुतेक साऱ्या भाषेचा बंदोबस्त होतो. अडचण एका 'स'ची होती. तो दुसऱ्या व्यंजनाच्या अगोदर सुटा येतो, आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्यासह नवे अक्षर मोजू गेले तर चिन्हांची संख्या भलतीच फुगली असती. सिक्वोयाने त्या एकट्या 'स'ला स्वतंत्र चिन्ह दिले आणि शेकडो संभाव्य चिन्हांचा भार टाळला. आकृत्यांच्या बाबतीत मात्र त्याने कसलाही आग्रह धरला नाही. आज छापली जाणारी काही चिन्हे रोमन अक्षरांसारखी दिसतात, परंतु त्यांचे उच्चार सर्वस्वी निराळे आहेत. रोमन 'डब्ल्यू'सारखे दिसणारे चिन्ह 'ला' आहे, आणि 'एच'सारखे दिसणारे 'मि' आहे.

लिपीची परीक्षा त्याने आपल्या लहान मुलीच्या साहाय्याने दिली असे सांगतात: तिला दूर ठेवून पंचांनी सांगितलेला मजकूर त्याने लिहून घेतला, आणि तिने येऊन तो जसाच्या तसा वाचून दाखविला. १८२५ मध्ये चेरोकी राष्ट्राने या लिपीला मान्यता दिली, आणि २१ फेब्रुवारी १८२८ रोजी जॉर्जियातील न्यू एकोटा या त्यांच्या राजधानीत 'चेरोकी फिनिक्स' हे इंग्रजी आणि चेरोकी अशा दोन्ही भाषांतील वृत्तपत्र निघू लागले. त्याचे खिळे बोस्टनहून ओतून आणविले होते. ज्या समाजात काही वर्षांपूर्वी लेखन नव्हते त्याच्या हाती स्वतःचे वृत्तपत्र आले. याचे श्रेय चिन्हांच्या संख्येला आहे. मातृभाषा बोलणाऱ्याला ८५ चिन्हे शिकणे हे थोड्या दिवसांचे काम होते, आणि ती शिकून झाली की लेखनाचे आणखी नियम शिकावयाचे उरत नव्हते.

आता हाच हिशेब एखाद्या कल्पित भाषेवर करून पाहू. समजा, आपण दहा व्यंजनांची आणि पाच स्वरांची भाषा कल्पिली, आणि तिच्यातील प्रत्येक अक्षर एक तर नुसता स्वर असेल किंवा एक व्यंजन आणि एक स्वर मिळून झालेले असेल, असा शिरस्ता ठेवला. मग अक्षरे झाली पन्नास अधिक पाच, म्हणजे ५५; ही संख्या अक्षरलिपीला आदर्श होय. अक्षराच्या शेवटी केवळ 'न' येऊ शकतो अशी सवलत दिली, तर त्या 'न'चे एक चिन्ह वाढवून ५६ मध्ये काम भागते. जपानी कानालिपीने नेमके हेच केले आहे. परंतु दहांपैकी कोणतेही व्यंजन अक्षराच्या शेवटी येईल असे म्हटले, आणि अशा प्रत्येक अक्षराला वेगळे चिन्ह दिले, तर ५५ ची संख्या ६०५ वर जाते. उच्चारातील चढउताराने अर्थ बदलत असेल आणि तो भेद लिहावयाचा असेल, तरीही हीच गत होते. चीनच्या सिच्वान प्रांतातील यी लोकांच्या भाषेसाठी १९८० मध्ये मंजूर झालेल्या प्रमाण लिपीत ८१९ चिन्हे आहेत. मराठीसाठी शुद्ध अक्षरलिपी करू म्हटले, तर ३४ व्यंजने आणि बाराखडीची बारा स्थाने यांचाच गुणाकार ४०८ होतो, आणि 'क्ष', 'स्त्री', 'ज्ञाने', 'कृष्ण' यांतील जोडाक्षरे तर अजून दारातच उभी असतात. आपल्या पूर्वजांनी स्वरचिन्हे व्यंजनांना जोडण्याची आणि जोडाक्षरे घडविण्याची जी तजवीज केली, तिच्यामागे ही गरज आहे.

भाषेची घडण आणि लिपीची घडण यांचा मेळ बसला नाही म्हणजे काय होते, याची साक्ष प्राचीन ग्रीसचे सरकारी दप्तर देते. क्रीट बेटावरील क्नोसोस आणि मुख्य भूमीवरील पायलोस येथील राजवाड्यांत मातीच्या ज्या पाट्या सापडल्या, त्यांच्यावरील 'लिनिअर बी' ही लिपी मायकेल व्हेंट्रिस या तरुण इंग्रज वास्तुशिल्पज्ञाने १९५२ मध्ये उलगडली, आणि ती जुनी ग्रीक भाषा निघाली. ही लिपी एका भिन्न, आजवर न उलगडलेल्या भाषेच्या लिपीवरून घेतलेली होती. तिची चिन्हे 'क', 'नो', 'रु' अशा स्वरान्त अक्षरांची. आणि ग्रीक भाषा तर जोडाक्षरांनी आणि व्यंजनान्त शब्दांनी भरलेली. परिणामी 'क्नोसोस' हे नगराचे नाव 'को-नो-सो' असे लिहावे लागले, आणि काशाचा वाचक 'खाल्कोस' हा शब्द 'का-को' एवढाच उरला. 'पा-ते' असे लिहिले तर ते पित्याचा वाचक 'पातेर' असेल किंवा 'सर्व' या अर्थाचे 'पान्तेस' असेल. ही संदिग्धता त्या कारकुनांना जाचली नाही, कारण त्या पाट्यांवर मेंढ्या, तेल, लोकर आणि रथांची चाके यांचे हिशेब होते; लिहिणारा आणि वाचणारा एकाच दप्तरातला असे, आणि जोडीला त्या वस्तूचे चित्रही असे. परंतु या लिपीत काव्य किंवा इतिहास लिहिल्याचा पुरावा नाही, आणि राजवाडे कोसळले तेव्हा मुख्य भूमीवरून लिपीही नाहीशी झाली.

यावरून एक महत्त्वाचा निर्णय लिपिकाराच्या पुढ्यात येतो: काय लिहावयाचे आणि काय वाचकाच्या समजुतीवर सोडावयाचे. कोणतीही लिपी सर्वच उच्चार टिपीत नाही. चेरोकी लिपी स्वरांचे ऱ्हस्वदीर्घत्व आणि आघातांचे चढउतार दाखवीत नाही, आणि मातृभाषा जाणणारा वाचक ते आपोआप भरून काढतो. आपल्या मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळीत नाहीत, आणि तरीही शतकानुशतके राज्याचा कारभार, सावकारी हिशेब आणि जमिनीचे दस्तऐवज तिच्यात निर्वेधपणे लिहिले गेले. गाळणूक कोणाला परवडते, तर ज्याचा वाचक ठरलेला आहे त्याला. कल्पित भाषेचा लिपिकार मात्र बहुधा अशा स्थितीत असतो की त्याच्या भाषेला जन्मजात वाचक एकही नाही. म्हणून त्याने संकोच न करता अधिक लिहावे आणि कमी गाळावे, हे मला इष्ट वाटते.

मोजदाद झाली आणि गाळणूक ठरली, की मग आकृत्यांचा विचार. सिक्वोयाप्रमाणे प्रत्येक अक्षराला असंबद्ध आकृती देणे हा एक मार्ग; तो शिकावयास थोडा जड, परंतु वाचावयास सोपा, कारण एक चिन्ह दुसऱ्यासारखे दिसत नाही. याच्या अगदी उलट टोकाला जेम्स एव्हान्स या मिशनऱ्याने १८४० मध्ये कॅनडातील नॉर्वे हाउस येथे क्री भाषेसाठी चालू केलेली लिपी आहे. तिच्यात मूळ आकृत्या नऊच. प्रत्येक आकृती चार दिशांना फिरवली की तिचा स्वर बदलतो, आणि एकूण ३६ चिन्हे सिद्ध होतात. उदाहरणार्थ, एक कोन घ्यावा: टोक खाली असेल तर तो 'पे', वर असेल तर 'पि', उजवीकडे असेल तर 'पो' आणि डावीकडे असेल तर 'प'. अक्षरान्तीच्या सुट्या व्यंजनांसाठी लहान चिन्हे ओळीच्या वरच्या अंगाला लिहितात. पिटमनच्या लघुलेखनाबरोबरच देवनागरीच्या रचनेचाही या लिपीवर प्रभाव असावा असे अभ्यासक मानतात. चहाच्या खोक्यांतील शिशाच्या पत्र्याचे खिळे ओतून, काजळी आणि माशाचे तेल यांची शाई करून आणि कातडी दाबण्याच्या यंत्राचा छापखाना बनवून एव्हान्सने पहिले मजकूर छापले; आणि क्री लोकांनी ही विद्या आपापसांत एकाने दुसऱ्याला शिकवीत दूरदूर नेली.

नियमबद्ध आकृतीचा मोह कल्पक माणसाला फार पडतो, आणि त्याचे सौंदर्य खरेच आहे. कोरियाचा राजा सेजोंग याने १४४३ मध्ये सिद्ध केलेल्या आणि १४४६ मध्ये जाहीर केलेल्या लिपीत मूळ व्यंजनांचे आकार जीभ, ओठ, दात आणि कंठ यांच्या स्थितीवरून घेतले, महाप्राणासाठी एक रेघ वाढविली, आणि सुटे वर्ण एका चौकोनात रचून त्यांचे अक्षर बनविले. म्हणजे शिकताना २८ वर्ण आणि वाचताना सबंध अक्षर, असा दुहेरी लाभ साधला. टॉल्किन यांच्या तेंग्वार लिपीतही हाच विचार दिसतो. तिची चोवीस मुख्य चिन्हे उच्चारस्थानांच्या चार ओळींत आणि उच्चारप्रयत्नांच्या सहा पायऱ्यांत बसविली आहेत. दांडीला जोडलेले वर्तुळखंड एकाचे दोन केले की व्यंजन घोष होते, आणि दांडी वर उचलली की ते घर्षक होते. आपल्या वर्णमालेत 'क', 'ख', 'ग', 'घ' शास्त्राने शेजारी बसले, परंतु आकृतीने एकमेकांचे झाले नाहीत. तेंग्वारमध्ये आकृतीही शास्त्राच्या मागे चालते. मात्र जितका नियम पक्का, तितकी चिन्हे एकमेकांसारखी, आणि घाईत लिहिताना 'त'चा 'द' होण्याचे भय तितकेच अधिक. लिपिकाराने या दोहोंचा तोल राखावयाचा असतो: संबंध दिसावा एवढे साम्य आणि गोंधळ होऊ नये एवढा भेद.

तेंग्वारच्या स्वरचिन्हांत तर आपल्या विषयाचे सारे मर्म आले आहे. ती आपल्या मात्रांसारखी व्यंजनाच्या माथ्यावर बसतात. टॉल्किन यांच्या क्वेन्या भाषेत बहुतेक शब्द स्वरान्त आहेत, म्हणून तेथे स्वरचिन्ह आधीच्या व्यंजनावर ठेवतात, जसे आपण करतो. सिंदारिन भाषेत बहुतेक शब्द व्यंजनान्त, म्हणून तेथे तेच चिन्ह पुढच्या व्यंजनावर ठेवतात. चिन्हे तीच, लिपी तीच. परंतु भाषेची अक्षरघडण बदलताच स्वराचे आसन बदलले. हा निर्णय घेण्यापूर्वी दोन्ही भाषांच्या शब्दान्तांकडे बारकाईने पाहणे भाग होते, आणि भाषाशास्त्राच्या त्या अभ्यासकाने ते पाहिले होते.

चिन्हांची संख्या न वाढविता त्यांचे सामर्थ्य वाढविण्याच्या युक्तीही शिकण्यासारख्या आहेत. चिनी चित्राक्षरांपासून नवव्या शतकाच्या सुमारास उतरलेल्या जपानी कानालिपीत मूळ चिन्हे ४६. परंतु दोन बारीक रेघा दिल्या की 'क'चा 'ग' आणि 'त'चा 'द' होतो, आणि 'कि'पुढे लहान आकाराचा 'य' लिहिला की 'क्य' होतो. या कानालिपीचा वर्णक्रम तर आपल्याला अगदी ओळखीचा वाटेल: स्वर अ, इ, उ, ए, ओ, आणि व्यंजने क, स, त, न, ह, म, य, र, व. बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीच्या द्वारे संस्कृत वर्णमालेचा जो अभ्यास केला त्याचे हे फळ आहे. 'ह' हा ओष्ठ्यांच्या जागी का बसला, असे वाटेल. परंतु प्राचीन जपानीत त्याचा उच्चार 'प' होता, आणि म्हणून 'म'च्या अगोदरचे त्याचे स्थान यथायोग्यच आहे. आपल्या प्राचीन शिक्षाकारांनी मुखातील स्थानांवरून लावलेला क्रम समुद्रापलीकडील एका सर्वस्वी भिन्न भाषेला मानवला, याचा अभिमान मराठी वाचकाने अवश्य बाळगावा. आणि कल्पित लिपीचा तक्ता मांडणाऱ्यानेही हाच क्रम धरावा, कारण तो धरला की आपल्या भाषेत कोणता उच्चार राहून गेला आहे ते रिकाम्या घरावरून तत्काळ कळते.

शेवटी साधनाचा प्रश्न. ताडपत्रावर टोकदार लेखणीने आडवी रेघ ओढली तर पान चिरते, म्हणून ओडिया आणि दक्षिणेकडील काही लिपी वाटोळ्या झाल्या असे मानतात. मोडीने बोरू शक्य तितका न उचलता ओळ धावती ठेवली, कारण दप्तरात वेगाची गरज होती. देवनागरीचा छापखाना निघाल्यावर जोडाक्षरांच्या खिळ्यांनी जुळाऱ्याचे खण भरून गेले, आणि लोकमान्य टिळकांसारख्या पुरुषालाही खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या कामात लक्ष घालावे लागले. कल्पित लोक दगडावर कोरतात, पानावर ओरखडतात की कुंचल्याने रंगवितात, हे ठरविल्याखेरीज त्यांच्या अक्षरांना खरेपणा येत नाही. आणि जी अक्षरे वारंवार येतात त्यांना थोड्या रेघांची आकृती दिल्याखेरीज लिहिणाऱ्या हाताला विसावा मिळत नाही.

ज्या तरुणांना ही हौस असेल त्यांनी ती निरर्थक समजून टाकू नये. आपली भाषा कशी घडली आहे, तिची अक्षरे कोठे सुरू होतात आणि कोठे संपतात, तिच्या वर्णांचा परस्परसंबंध काय, हे जितके एखादी लिपी स्वतः रचताना कळते तितके व्याकरणाची पाने पाठ करून कळत नाही. प्रथम आपल्या कल्पित भाषेत दोनचार पाने मजकूर रचावा, त्यातील अक्षरे वेचून मोजावीत, तक्ता मांडावा, आणि संख्या शंभराच्या फार पुढे जात असेल तर शुद्ध अक्षरलिपीचा हट्ट सोडून देवनागरीचा किंवा कोरियन लिपीचा मार्ग धरावा. मग आकृत्या काढाव्यात. आणि लिपी पूर्ण झाली असे वाटेल तेव्हा ती एका मित्राला शिकवावी, त्याच्या पाठीमागे त्याला ठाऊक नसलेला मजकूर लिहावा, आणि तो मोठ्याने वाचावयास सांगावा. त्याने तो अक्षरशः बरोबर वाचला, तरच लिपी सिद्ध झाली असे समजावे.